ठोकळा

सातारा रस्त्याला, पद्मावतीच्या सिग्नलवर,
पाय ब्रेकवर नुसता ठेवलेला
आणि पेडल खाली चाललंय.
घाई नाही त्याला. सरकारी कचेरीतल्या लिफ्टसारखं.
गाडी पुढच्या रिक्षाला टेकली.
रिक्षावाला शिवी द्यायलाच उतरला होता,
पण हे लांब नाक, हा लाल रंग, हे गोल डोळे बघून
म्हणाला, "कितीला पडली?"

पडली नाही हो, बांधली.
मी आणि माझे साडू, मुरलीधर गवंडे.
भोसरीच्या शेडमध्ये, सात वर्षं, फक्त रविवारी.
साठ साली परदेशात धावलेल्या गाडीची नक्कल:
अंग फायबरचं, इंजिन एस्टीमचं,
आणि ब्रेकचा मास्टर सिलेंडर कुठल्याशा व्हॅनचा,
जुन्या बाजारात बुधवारी
घासाघीस करून साडेतीनशेला.

"हवा आहे," मुरलीधर म्हणाले.
टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस,
त्याच्यापुढे काय बोलणार.
मी सीटवर, ते गाडीखाली.
दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
सोड.
पुन्हा. तळापर्यंत, पार पत्र्याला टेकेपर्यंत.
चार रविवार, दीड लिटर तेल,
पारदर्शक नळीत एक बुडबुडा नाही.

दुपारी डबे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी,
चाकणच्या दोन गुंठ्यांवरून बारा वर्षं अबोला.
भांडण कधी झालंच नाही.
लग्नकार्यात शेजारी बसतात,
वाढप करतात, फोटोत हसतात.
दोन डबे, दोन घरचे,
आणि दोन्हींत भरली वांगी,
मसाल्यात तेच भाजलेलं कारळं.
आम्ही त्यावर काही बोलत नाही. पोळी मोडतो.

पाचव्या रविवारी चारही होज चिमट्यात आवळले.
चाकांचा संबंध तोडला.
जोरात लाथ मारली की पेडल दगड.
नुसतं टेकवून बसलं
की निघालं खाली.
टाकीत तेल होतं तेवढंच. फरशीवर थेंब नाही.
मुरलीधर कपाळावरचा चष्मा खाली घेत म्हणाले,
"आतल्या आत जातंय."

सर्क्लिप, वायसर, पिस्टन, स्प्रिंग
वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं.
मग बॅटरीच्या उजेडात नळकांड्यात डोळा लावला.
पहिला इंचभर नुसता आरसा.
त्यापुढे गंज, बारीक खड्डे,
देवी आलेल्या गालासारखे.
आणि रबरी कपाची कड
उंदरानं कुरतडल्यासारखी.

"बाजारवाल्यानं फसवलं," मी म्हटलं.
ते बराच वेळ कप बोटावर फिरवत राहिले.
"त्यानं नाही रे. थोडा शिणलेला असेल, इतकंच.
फाडला आपण.
रोजच्या चालीत पिस्टन तिथवर जात नाही,
म्हणून तर तिथे गंज बसला.
चार रविवार लाथा मारून
आपणच पाठवला त्याला तिथे."

नवा नाना पेठेतून आणला, बाराशे चाळीस, पावतीसकट.
शेगड्यात धरून आधी त्याचीच हवा काढली,
रॉडला पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ढील ठेवली.
मी सीटवर बसलो तेव्हा
मुरलीधरनी पेडलखाली सागाचा ठोकळा सरकवला,
त्यांच्या देव्हाऱ्याच्या कामातून उरलेला.
"ह्याच्या खाली जायचं नाही."
दाब. धर. सोड.
पाय दर वेळी लाकडावर थांबत होता,
आणि वर, दोन बोटं वर,
कडक झालं पेडल.

कात्रजचा जुना घाट उतरून आलो, दोनदा.
घरी कुंदा दारातच म्हणाली, "झालं का नीट?"
"झालं."
ती माझा डबा उघडून, वाकडा करून बघत राहिली.
"त्यांच्याकडे काय होतं आज?"
"वांगी."
"कारळं घातलं होतं?"

मला सांगायचं होतं की दोन्ही डब्यांत,
की पाचही रविवार,
की तुझी आई
— पाय ठोकळ्यावर आला.

"होतं," म्हटलं.
तिनं नळ सोडला.
डबा घासताना, पाण्याच्या आवाजात,
म्हणाली, "जास्त भाजते ती."